वॉटरपार्क आणि राइड्स: अंगानं मोठ्या माणसांसाठी मापं, मर्यादा आणि युक्त्या

चिंचगुळ (धागाकर्ती)

सुट्ट्या लागल्या की घरोघरी इमॅजिका, वॉटर किंगडम, लोणावळा असे बेत शिजायला लागतात, आणि प्रत्येक घोळक्यात एकजण "तुम्ही जा, मी बॅगा सांभाळतो" म्हणणारा असतोच. बहुतेकदा तो अंगानं मोठा असतो. उंचीची भीती वगैरे काही नसते. तासभर रांगेत उभं राहून ऐन वेळी सगळ्यांसमोर "सर, आप उतर जाइए" ऐकावं लागेल, ही धास्ती असते.

हा धागा अशा माणसांसाठी. कुठल्या राइडला वजन आडवं येतं आणि कुठल्या राइडला घेर? फलकावरचे आकडे येतात कुठून? कपडे, जिने, ट्यूब, मांड्या घासणं, सगळं लिहा. फक्त "आधी वजन कमी करा" हा सल्ला नको, तो फुकट आणि भरपूर मिळतो. स्वतःच्या फजितीचे किस्सेही नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

खिट्टी_आणि_लगाम

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा: कोरड्या राइडला टेप लागते, पाण्याच्या राइडला वजनकाटा. लोक हे दोन्ही एकत्र कालवतात आणि मग ९५ किलोचा माणूस उगाच घाबरतो.

रोलर कोस्टरचा सांगाडा, चाकं, रूळ यांना एका माणसाच्या २०-३० किलोंनी फारसा फरक पडत नाही. अडतं ते लगामाशी, म्हणजे अंगावर येणाऱ्या दांड्याशी. लगाम ठरावीक कोनापर्यंत खाली आलाच पाहिजे. तेवढा आला नाही तर सेन्सर कंट्रोल पॅनेलला 'लगाम बंद झाला' असा सिग्नल देत नाही आणि गाडी सुटत नाही. त्यामुळे १२० किलोचा, पण उंच आणि वजन सगळ्या अंगावर पसरलेला माणूस आरामात बसतो, आणि ९८ किलोचा, पण सगळं पोटात किंवा छातीत असलेला माणूस अडकतो.

लगाम मुख्यतः दोन तऱ्हेचे.

खांद्यावरून येणारा: इमॅजिकाचा नायट्रो आठवा. स्विस कंपनी बॉलिगर अँड मॅबिलार्डचा फ्लोअरलेस कोस्टर आहे, पाय मोकळे लोंबतात. अशा आसनात छातीचा घेर आणि धडाची उंची मोजली जाते. मध्ये खोगिरासारखा उंचवटा असतो आणि तिथून एक छोटा पट्टा वर येऊन लगामाच्या टोकाला बकलमध्ये अडकतो. आडवा येतो तो बहुधा हा पट्टाच.

मांडीवर येणारा दांडा: इथे छातीचा काही संबंध नाही, पोट आणि मांडीची जाडी महत्त्वाची. दांडा पोटावर टेकला तर वरच थांबतो. तो मांडी आणि कंबर जिथे दुमडते त्या सांध्यात बसायला हवा.

लोकांचा हमखास गैरसमज: "पट्टा थोडा लांब केला असता तर काय बिघडलं असतं? विमानात जोडपट्टा देतात की." विमानातला पट्टा आणि हा पट्टा एक नव्हे. इथे पट्ट्याची लांबी मुद्दाम ठरवलेली असते. तो बांधायच्या दोरीइतकाच मोजायची टेपही आहे. बकल लागलं म्हणजे लगाम पुरेसा खाली आला याची दुसरी खात्री झाली. जोडपट्टा लावला की ती खात्रीच गेली.

डोंबिवलीकर_७७

लगाम, हे नटबोल्ट झालं. पण माणसानं नेमकं करायचं काय? वर बसल्यावर तीस सेकंद मिळतात.

खिट्टी_आणि_लगाम

तीस सेकंद पुष्कळ झाले. क्रमानं सांगतो.

रांगेतच खिसे रिकामे करा. पाकीट, मोबाइल, जाड बेल्टचं बकल, कमरेची पिशवी, सगळं लॉकरमध्ये. मागच्या खिशातलं पाकीट माणसाला इंचभर पुढे ढकलतं, आणि इंचभरानंच गाडी अडते.

बसताना आधी बूड पूर्ण मागे न्या. जाड माणूस संकोचानं आसनाच्या पुढच्या भागावर टेकतो आणि तिथेच चुकतो. हात दोन्ही बाजूंना टेकवून कंबर उचला, मागे सरका, पाठ ताठ करा. पोक काढून बसलं की पोट पुढे येतं.

खांद्याचा लगाम असेल तर डोकं मागे टेकवून लगाम स्वतः ओढा, श्वास सोडा आणि शेवटचा टप्पा खाली घ्या. मांडीचा दांडा असेल तर दोन्ही हातांनी पोट चक्क वर उचला, दांडा त्याच्या खालून मांडीच्या सांध्यात जाऊ द्या, मग पोट सोडा. ऐकायला कसंतरी वाटतं, पण निम्म्या वेळा अडलेला दांडा एवढ्यानंच बसतो.

आता खिट्टीचं. काही लगाम दात्यांवर चालतात, 'कट् कट्' आवाज येतो. हे दात्यादात्यानंच पुढे सरकतात, अधेमधे थांबत नाहीत. म्हणून कधीकधी एका श्वासाचा फरक असतो: श्वास सोडला की एक दाता जास्त. काही लगाम हायड्रॉलिक सिलिंडरवर चालतात, ते कुठेही थांबतात, आवाज येत नाही.

दात्यांच्या लगामात एक धोका आहे. चालू राइडमध्ये जोर बसला की तो आणखी एखादा दाता आत जातो, बाहेर मात्र येत नाही. म्हणून श्वास पार रिकामा करून कोंबून बसू नका. लगाम लागल्यावर एक पूर्ण श्वास घेऊन पाहा. येत नसेल तर गाडी सुटायच्या आधी हात वर करा आणि उतरा.

ओहायोतून_नमस्कार

इकडची माहिती देते, सुट्टीत येणाऱ्या आईबाबांना आणि सासूसासऱ्यांना उपयोगी पडेल. सीडर पॉइंट, किंग्ज आयलंड ही इथली पार्कं ज्या सीडर फेअर साखळीची (२०२४ मध्ये ती सिक्स फ्लॅग्जमध्ये विलीन झाली), तिच्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या खुणा म्हणून आकडे दिलेले असत: उंची ६ फूट २ इंचांपेक्षा जास्त, वजन २२५ पौंडांपेक्षा जास्त (१०२ किलो), कंबर ४० इंच, छाती ५२ इंच. यापुढच्या माणसाला काही राइड्स मिळणार नाहीत असं नव्हे, मिळणार नाहीत असं होऊ शकतं. घरी टेप लावून कंबर आणि छाती मोजून ठेवा. टेप बसून लावायची, कारण बसल्यावर पोटाचा घेर दोनतीन इंचांनी वाढतो.

मोठ्या कोस्टरच्या बाहेर, रांग सुरू होण्याआधी, 'टेस्ट सीट' ठेवलेली असते. हुबेहूब तेच आसन, तोच लगाम, तोच पट्टा. तिथे बसून बघा. काही आसनांना लगाम नीट बसला की लागणारा हिरवा दिवाही असतो. लाजायचं कारण नाही, सहा-साडेसहा फुटी बास्केटबॉलवालेही तिथे बसून बघतात.

काही कोस्टरना ठरावीक रांगांतल्या ठरावीक आसनांना दोन बकलांचा लांब पट्टा असतो, मोठ्या अंगाच्या लोकांसाठीच. तो कुठल्या रांगेत आहे हे आत शिरतानाच विचारायचं, वर पोचल्यावर नाही.

फ्लोरिडातल्या ऑरलँडोत दोन ठिकाणी लक्ष ठेवा. युनिव्हर्सलची हॅरी पॉटरची 'फॉरबिडन जर्नी' २०१० मध्ये उघडली तेव्हा बऱ्याच जणांना उतरवावं लागलं, मग काही आसनं बदलली गेली. ती कडेची असतात, विचारून तीच घ्या. आणि डिस्नेच्या 'अवतार फ्लाइट ऑफ पॅसेज'ला पोट नव्हे, पोटरी अडते. मोटरसायकलसारखं बसायचं असतं आणि पायामागून आधार येतो. जाड पोटऱ्या असतील तर पाय जमेल तितका पुढे घ्या. डिस्नेच्याच 'ट्रॉन'लाही मोटरसायकलचीच बैठक, पण त्या गाडीत साध्या बाकासारखी आसनंही असतात, मागितली की देतात.

नागपुरी_तर्री

आपल्याकडे टेस्ट सीट कुठे असते? इथे तर पोरगा येतो, पोटावर गुडघा देऊन दांडा दाबतो आणि "हो गया" म्हणतो.

खिट्टी_आणि_लगाम

तर्री, गुडघा देऊ देऊ नका. स्पष्ट सांगा, "भैया, रुको, मैं खुद खींचता हूँ." बाहेरून दाबलेला दांडा आतल्या माणसाला कितपत जड जातोय ते दाबणाऱ्याला कळत नाही.

टेस्ट सीट नसेल तर दोन उपाय. एक, राइडच्या बाहेर पडायच्या दारापाशी उभं राहून दोन फेऱ्या बघा: लगाम कुठून येतो, पट्टा आहे का, तुमच्या अंगाचं कुणी बसलंय का. दोन, उघडल्या उघडल्या, रांग नसताना जा आणि ऑपरेटरला सांगा, "आधी बसून बघू दे, नाही बसलं तर उतरतो." सकाळी दहा-साडेदहाला कुणाचा वेळ जात नाही आणि बघायला गर्दीही नसते.

आणि कुणी "नाही बसणार" म्हणालं तर हुज्जत नको. २०२२ च्या मार्चमध्ये ऑरलँडोच्या आयकॉन पार्कमधल्या १३१ मीटर उंच 'फ्री फॉल' राइडवरून एक १४ वर्षांचा मुलगा पडून गेला. उत्पादकाच्या पुस्तिकेत कमाल वजन १३० किलो होतं, मुलगा त्याहून बराच जड होता. चौकशीत निघालं की त्या आसनाचा सेन्सर हातानं सरकवलेला होता. लगाम आणि आसन यांच्यात तीनेक इंचांची फट असायची तिथे सुमारे सात इंच असूनही दिवा हिरवा लागला. वेगळा पट्टा नव्हता. खाली येताना ब्रेक लागले तेव्हा तो फटीतून निसटला. पुढच्या वर्षी राइडच उखडून टाकली. वाकडी वाट कुणी करून दिली ते बघा: मोठ्या माणसाला 'नाही' म्हणायला नको म्हणून सेन्सर ढिला केला.

कोथरूडची_काकू

वाचून घशाला कोरड पडली. पण लहान मुलाला शेजारी घेऊन बसतो ते बरोबर की चूक? कोलंबसमध्ये (ते झुलणारं जहाज) सगळ्यांना मिळून एकच दांडा असतो.

खिट्टी_आणि_लगाम

काकू, नेमका प्रश्न विचारलात. सामाईक दांडा सगळ्यात जाड माणसापाशी थांबतो. म्हणजे तुमच्या पोटाला टेकलेला दांडा शेजारच्या आठ वर्षांच्या नातवाच्या मांडीपासून वीतभर वर राहतो. नातू सुटाच. कोलंबस, ड्रॅगन ट्रेन, जत्रेतला ब्रेक डान्स, जिथे एकच दांडा आहे तिथे मोठ्या अंगाच्या माणसानं मोठ्या अंगाच्या माणसाशेजारी बसावं आणि मुलांनी मुलांच्या बापाशेजारी, बाप सडपातळ असेल तर. नसेल तर मुलानं ती राइड सोडावी.

गोल फिरणाऱ्या राइडमध्ये आणखी एक. फिरताना सगळे बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. जड माणूस आत आणि हलका बाहेर बसला तर पूर्ण फेरीभर हलका चेंगरतो. जड माणूस बाहेरच्या बाजूला. बहुतेक गाड्यांवर तसं लिहिलेलंही असतं, वाचत कोणी नाही.

डोंबिवलीकर_७७

आणि आकाशपाळण्यात समोरासमोर दोन्हीकडे सारखं वजन बसवा, नाहीतर पाळणा तिरका लोंबतो आणि वर गेल्यावर सगळे ओरडतात. धोका असतोच असं नाही, पण आजीला कोण समजावणार.

जीवरक्षक

आता पाण्याकडे या. धाग्याचं नाव वॉटरपार्क आणि चर्चा सगळी लोखंडाची चाललीये.

फलकावर १३६ किलो असा विचित्र आकडा दिसतो ना? ते ३०० पौंड. स्लाइड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या कॅनडा, अमेरिका, तुर्कस्तानकडच्या, आकडा पौंडांत ठरतो आणि इथे किलोत उतरतो. साधारण असं दिसतं: नुसत्या अंगानं घसरायची स्लाइड १३६ किलो, एकट्याची ट्यूब ११३ ते १३६, दोघांची जोडट्यूब मिळून १८१ (४०० पौंड). चौघांच्या किंवा सहा जणांच्या राफ्टला एकूण वजनाची मर्यादा असते, माणशी नाही. प्रत्येक स्लाइडचा आकडा वेगळा, म्हणून तिथला फलकच खरा.

मर्यादा का? लोकांना वाटतं फायबर तुटेल. तुटत नाही. प्रश्न वेगाचा आहे. उतार तोच, पाणी तेच, पण जड शरीराला घर्षण आणि हवेचा अडथळा वजनाच्या मानानं कमी लागतो, म्हणून ते जास्त वेगानं येतं. वळणावर भिंतीवर जास्त वर चढतं, शेवटच्या सपाट पट्टीत थांबायला जास्त लांबी लागते. मर्यादेच्या आत असाल तर हे सगळं हिशेबात धरलेलं असतं. बाहेर असाल तर पट्टी संपते आणि पाय समोरच्या काठावर आपटतात.

उलटही होतं. चढाच्या स्लाइडमध्ये, जिथे पाण्याचे जोरदार झोत राफ्टला वर ढकलतात, जड राफ्ट चढावर दमतं आणि मागे येतं. त्यासाठी मध्ये सुटायची वाट आणि तिथे एक गार्ड असतो. घाबरायचं नाही, राफ्टमधून उतरायचं नाही, तो सांगेपर्यंत बसून राहायचं.

एकूण वजन मर्यादेत असूनही वाटणी चुकली तर काय होतं, त्याचं भयंकर उदाहरण म्हणजे कॅन्ससमधली 'फेरुक्ट' स्लाइड. ५१ मीटर उंच, तिघांचं राफ्ट, एकूण वजन ४०० ते ५५० पौंडांत असायचं. ७ ऑगस्ट २०१६ ला तिघांचं मिळून वजन त्या पट्ट्यात होतं, पण दहा वर्षांचा मुलगा पुढे आणि दोन मोठ्या बायका मागे. दुसऱ्या चढावर राफ्ट हवेत उडालं, वर लावलेल्या जाळीच्या लोखंडी कमानीवर आदळलं आणि मुलगा गेला. त्या स्लाइडची रचनाच सदोष होती, असं नंतर आरोपपत्रात म्हटलं गेलं. पण वजनाची वाटणी हा गार्डचा विषय आहे, तुमच्या कुटुंबाच्या फोटोचा नाही, एवढं त्यातून घ्या. गार्ड "तुम मागे, बेबी इधर" म्हणाला की बसा. गोल राफ्टमध्ये दोन जड माणसं समोरासमोर, शेजारी नाही. शेजारी बसली की राफ्ट एका बाजूनं खाली दबून चालतं आणि वळणावर कडेला चढतं.

चिंचगुळ

जीवरक्षक, ट्यूबच्या भोकात बूड खाली जातं आणि स्लाइडच्या जोडांवर घासतं, त्याला काय करायचं?

जीवरक्षक

ते फार होतं. दोन कारणं: ट्यूब कमी फुगवलेली किंवा तळ नसलेली, नुसत्या भोकाची. रांगेत ट्यूब उचलताना अंगठ्यानं दाबून पाहा, अंगठा सहज आत जात असेल तर ती परत ठेवा, दुसरी घ्या. तळाला कापड किंवा रबराचा पडदा असलेली ट्यूब मिळाली तर उत्तम. बसताना भोकात रुतून न बसता थोडं मागे रेलून, हँडल धरून, पाय पसरून बसा म्हणजे वजन रिंगवर पसरतं. जोड दिसला किंवा उतार सुरू झाला की हँडलवर जोर देऊन कंबर दोन इंच उचला. एवढंच.

अंगानं घसरायच्या स्लाइडमध्ये अडचण वेगळी: मध्येच थांबणं. तिथे वजनाचा दोष फार कमी, कपड्याचा जास्त. ओला सुती टीशर्ट फायबरला चिकटतो. आणि माणूस उठून बसतो, मग संपर्काचं क्षेत्र बुडावर गोळा होतं आणि पाणी बाजूनं निघून जातं. पाठीवर पूर्ण आडवं व्हा, घोटे एकमेकांवर, हात छातीवर. घोटे क्रॉस करण्याला खरं कारण आहे: वेगानं येताना पाय फाकले तर पाण्याचा झोत नको तिथे घुसतो आणि इजा होते. थांबलातच तर हातांनी दोन्ही भिंती ढकलत, बसल्या बसल्या पुढे सरका. उभं राहायचं नाही, मागून पुढचा माणूस येत असतो.

आणखी एक. आत उभं राहिल्यावर पायाखालची फळी सटकते त्या कॅप्सूल स्लाइडला कमाल वजनाबरोबर किमान वजनही असतं. तिथे लगाम नाही, पण उभ्या कॅप्सूलची रुंदी आहे. खांदे आणि कोपर छातीपाशी आवळून दार बंद होत नसेल तर ती स्लाइड तुमची नाही.

शिवणटिपण

कपड्यांचं मी सांगते.

पार्कांत नायलॉन-लायक्राच लागतं, साडी-सलवार-जीन्स चालत नाही. भाड्याचे कॉस्च्युम मिळतात, पण मोठे साइझ दुपारपर्यंत संपलेले असतात आणि शिल्लक असलेल्या एक्सएक्सएलचं इलॅस्टिक मेलेलं असतं. घरून न्या. तयार नाही मिळालं तर शिवून घ्या. चारही बाजूंनी ताणणारं नायलॉन-स्पँडेक्स कापड घ्यायचं, दोन बाजूंनी ताणणारं नको, ते बसताना मांडीत फाटतं. काखेत आणि दोन पायांच्या मध्ये चौकोनी कळी घालायला सांगा. नुसती सरळ शिवण तिथे पहिली उसवते. ओव्हरलॉकवर एक टीप जादा मारा. धातूची झिप, बटण, रिव्हेट काहीही नको, स्लाइडवर ओरखडे पडतात म्हणून गार्ड अडवतात.

घरीच चाचणी घ्या: घालून मांडी घाला, उकिडवे बसा, हात वर करा. मग एकदा ओलं करून परत तेच. ओल्या कापडाची पकड वेगळी असते. अंगावरून वर सरकत असेल तर कमरेला आतून नाडी.

बायकांसाठी: लांब बाहीचा स्विमफ्रॉक आणि आत लेगिंग. फ्रॉक गुडघ्यापर्यंत असेल तर स्लाइडमध्ये हवा भरून तोंडावर येतो, मांडीपर्यंतच ठेवा. छाती मोठी असेल तर आत स्पोर्ट्स ब्रा. खांद्याच्या लगामाच्या कोस्टरमध्येही साध्या ब्राऐवजी स्पोर्ट्स ब्रा घातली की लगाम इंच-दीड इंच जास्त खाली येतो. खिट्टी यांनी पुरुषांचाच विचार केलेला दिसतोय.

खिट्टी_आणि_लगाम

मान्य. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई

मांड्या घासण्याचं. ओल्या कापडाची घडी, क्लोरीनचं पाणी, आणि दिवसभर चालणं यांनी दुपारपर्यंत कातडी सोलवटते. सकाळी कोरड्या त्वचेवर, घरीच, मांडीच्या आतल्या बाजूला, काखेत आणि स्तनांखाली पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. थापू नका, तळवे तेलकट झाले तर ट्यूबचं हँडल निसटतं. त्यावर गुडघ्यापर्यंतची घट्ट लायक्रा शॉर्ट. मांडीला मांडी लागतच नाही, मग घासणार काय. टाल्कम पावडर पाण्यात निरुपयोगी, तिचा चिखल होतो.

निघताना साध्या पाण्यानं अंघोळ, पोटाच्या वळीत, जांघेत, स्तनांखाली टॉवेल दाबून कोरडं करायचं (घासायचं नाही), मग सुती सैल कपडे. ओल्या कॉस्च्युमवर पंजाबी ड्रेस चढवून तीन तास गाडीत बसलात तर आठवड्यात गजकर्ण.

रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर फलकावर नाही म्हटलेल्या राइड्स नाहीच. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनी लॉकरमध्ये नव्हे, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये ग्लुकोजची पुडी जवळ ठेवा.

डोंबिवलीकर_७७

जिन्यांबद्दल कोणीच बोलत नाही! स्लाइडची मजा वीस सेकंद आणि चढणं पाच मिनिटं.

जीवरक्षक

खरंय. १५ मीटरच्या टॉवरला साधारण ८५ पायऱ्या होतात. अशा दहा स्लाइड्स केल्या की साडेआठशे पायऱ्या, म्हणजे पन्नास मजले, तेही अनवाणी, आणि पुष्कळदा ट्यूब खांद्यावर. म्हणून उंच टॉवर सकाळी पहिल्या दोन तासांत उरका, जेवणानंतर लेझी रिव्हर (ट्यूबवर बसून तरंगायचा संथ कालवा) आणि वेव्ह पूल. मे महिन्यात दुपारी एकनंतर सिमेंटची फरशी आणि लोखंडी जिना पाय भाजतो. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला चालतात का ते विचारून घ्या. ट्यूब वर नेणारा पट्टा असलेली स्लाइड असेल तर ती आधी.

लेझी रिव्हरमध्ये ट्यूबवर वरून उडी मारून बसू नका, उलटते. कंबरभर पाण्यात ट्यूब भिंतीला टेकवा, तिच्याकडे पाठ करा, दोन्ही हात मागे नेऊन हँडल धरा आणि खुर्चीत बसल्यासारखं बसा. उतरताना पायऱ्या जवळ आल्या की एका कुशीवर कला, पाय टेकवा, मग ट्यूब ढकलून द्या. उभी स्टीलची शिडी टाळा. तिच्यावर सगळा भार दंडावर आणि एका गुडघ्यावर येतो. वेव्ह पूलला उतरता काठ असतो, तिथून चालत बाहेर या.

लाइफ जॅकेट वजनावर नव्हे, छातीच्या घेरावर निवडा. चरबी तरंगते, त्यामुळे जाड माणसाला तरंगायला जादा जॅकेट लागत नाही. पण पट्टे बंद झाले नाहीत तर जॅकेट वर सरकून कानांपाशी येतं आणि तोंड पाण्यात जातं. बंद न होणारं जॅकेट घालण्यापेक्षा कंबरभर पाण्यातच थांबणं बरं.

ओहायोतून_नमस्कार

लॉग फ्लूमचं, म्हणजे पाण्याच्या पन्हाळीतून घसरत येणाऱ्या होडीचं राहिलं. होडीत एकामागे एक बसायचं असेल तर सगळ्यात जड माणूस मागे. पुढे बसला तर नाक दबतं आणि सगळ्यांची आंघोळ होते. आसन जमिनीलगत असतं, उठताना धडपड होते. आधी दोन्ही पाय अंगाखाली ओढून घ्या, हात दोन्ही कडांवर, मग उठा. मुलानं हात ओढून उठवायचं नाही, दोघंही पाण्यात.

सह्यकडा

थोडं विषयाबाहेर, पण लोणावळा-पाचगणीकडे झिपलाइन करणाऱ्यांसाठी. तिथे टेप आणि काटा दोन्ही लागतात. मर्यादा बहुधा १०० ते १२० किलोंच्या आसपास लिहिलेली असते, कारण जड माणूस शेवटच्या ब्रेकला जास्त वेगानं येतो. कंबरेचा हार्नेस कुल्ल्याच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. पोट मोठं असेल तर तो खाली घसरतो आणि उलटं झाल्यावर माणूस त्यातून निसटू शकतो. म्हणून छातीचे पट्टे असलेला, पूर्ण अंगाचा हार्नेस मागा. "चलता है" म्हणून नुसता कंबरेचा बांधत असतील तर परत फिरा. मांडीचे पट्टे बकलमधून गेल्यावर चार बोटं तरी शेपूट उरलं पाहिजे.

नागपुरी_तर्री

तिकीट काढायच्या आधी पार्कला फोन करून काय विचारायचं? सगळ्या राइड्स नाहीच मिळाल्या तर पैसे वाया.

चिंचगुळ

वरच्या सगळ्या प्रतिसादांवरून यादी केली आहे. बसून बघायला आसन कुठे आहे? कुठल्या स्लाइडला वजनाची मर्यादा किती, आणि काटा कुठे आहे? भाड्याचा सगळ्यात मोठा कॉस्च्युम किती इंच छातीचा? चपला चालतात का? शनिवार-रविवार सोडून कुठल्या वारी गर्दी कमी? फोनवरच्या माणसाला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं येत नसतील तर "ऑपरेशन्सला द्या" म्हणा. तिकीट काउंटरवरच्या माणसाला राइडची मापं माहीत नसतात आणि तो सगळ्यालाच हो म्हणतो.

कोथरूडची_काकू

शिवणटिपण, नायलॉन-स्पँडेक्स किती घ्यायचं? छाती ५०, उंची ५ फूट १.

शिवणटिपण

काकू, ६० इंच पन्ह्याचं असेल तर फ्रॉकला दोन मीटर, लेगिंगला सव्वा मीटर. गडद रंग घ्या, फिक्कट ओला झाला की आरपार दिसतो. आणि दुकानात कापड दोन्ही दिशांनी ओढून बघा, सोडल्यावर लगेच जागेवर आलं तरच घ्या.